सात बिबटे आणि एक गोठलेली पिशवी

मुंबईहून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला, समुद्र पाहिला का? मी नाही पाहिला. आम्ही तिथे इतके दिवस राहिलो की शेवटी समुद्रच कंटाळून भेटायला आला असेल, पण हॉस्पिटलच्या वॉचमनने त्याला पास विचारला असणार. मी पाहिलं ते वेगळंच. माझ्या बायकोच्या रक्तातल्या पेशी अंगाबाहेर पडल्या, परगावी जाऊन शिकल्या, बर्फाहून थंड होऊन एका पिशवीत बसल्या आणि परत तिच्याच अंगात घरी आल्या. एवढा लांबचा प्रवास आमच्या वणीत आजवर कुणी केला नाही. काशीला जाऊन आलेले पुष्कळ आहेत, त्यांनी गप्प बसावं.

आधी आम्हा दोघांबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लासलगावच्या मार्केटात मी उभा जन्म कांद्याचा लिलाव पुकारला. ट्रॅक्टरांच्या रांगेतून चालत भाव ओरडायचा, हाच धंदा. माझ्या आवाजाने मनमाडची मालगाडी सिग्नल समजून थांबलेली आहे. हल्ली वणीत घरी असतो, पण घशाला ते कळलेलं नाही. बायकोचं नाव इंदू, माहेर सटाण्याकडचं. आमच्या संसारात लिलाव मी पुकारतो आणि भाव ती पाडते. मी म्हणालो, लग्नाला दोन हजार माणूस होतं, की आतून आवाज येणार, "तीनशे. त्यात बँडवाले धरून."

आमच्याकडे सगळ्यात गाजलेली माझी बिबट्यांची गोष्ट. उसाला पाणी भरायला गेलो तर विहिरीच्या कठड्यावर सात बिबटे रांगेत बसलेले, मी लिलावाच्या आवाजात "एकवार, दोनवार" केलं आणि तीनवार म्हणायच्या आत सातही पसार. पाहुणे आ वासून ऐकतात. तेवढ्यात इंदू चहाचा ट्रे घेऊन येते आणि म्हणते, "अहो, एक होता. आणि तोच आधी पळाला, नाहीतर तुम्ही पळणार होते."

तिच्या गळ्याशी गाठ आली ती दोन वर्षांपूर्वी. लिंफोमा, म्हणजे रक्तातल्याच पेशींचा कॅन्सर. नाशिकला केमो झाली, गाठ गेली. परत आली. परत केमो, परत गाठ. तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी ही नवी वाट सांगितली आणि मुंबईचा पत्ता दिला. पैशाची जुळवाजुळव कशी केली ते विचारू नका, त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही.

वणी ते घाट

सोमनाथ हा आमच्या गल्लीतला गाडीवाला. मला तात्या म्हणतो. त्याच्या गाडीत मी सामान भरलं: भाकरीचं पीठ, पोतंभर कांदे, देवीचा अंगारा, आणि डॉक्टरांसाठी द्राक्षाचं क्रेट. ऐन तोडणीचे दिवस होते, रस्त्याला दोन्ही बाजूंनी बागा लगडलेल्या. पोतं बघून सोमनाथ म्हणाला, "तात्या, मुंबईत कांदे मिळतात."

"मिळतात ना. आपणच पाठवतो. मधल्या मध्ये म्हातारे होतात बिचारे."

इंदू मागच्या सीटवर बसली होती. वणीतून निघालं की पाठीमागे सप्तशृंगीचा गड दिसत राहतो. आमच्या गच्चीवरूनही तो समोर दिसतो. सकाळी कपडे वाळत घालताना तिकडे बघून हात जोडायचा तिचा नेम. दिंडोरी येईपर्यंत ती मान वळवून मागच्या काचेतून बघत होती. गाठ त्याच बाजूला होती. दुखत असणार. मी म्हणालो, "अगं, गड काही पळून जात नाही."

"गड नाही जात. आपणच चाललो ना."

मी पुढे वळून सोमनाथला टायरची हवा विचारली.

कसारा घाटात गाडी उतरायला लागली की आमच्या बाजूची कोरडी, हलकी हवा संपते आणि ओल्या टॉवेलने तोंड दाबल्यासारखं वाटतं. चहाला थांबलो. चहावाल्याला मी बिबटे सांगितले, आणि दरी खोल असल्यामुळे नऊ केले. गाडीतून आवाज आला, "एक."

मुक्काम

हॉस्पिटलवाल्यांची एक अट होती. उपचार झाल्यावर निदान महिनाभर जवळ राहायचं, हाक मारली की पोचता आलं पाहिजे. म्हणून आम्ही शेजारच्या गल्लीत एक खोली घेतली. खोली एवढी लहान की कूस बदलायची तर एकाने बाहेर जावं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. भिंतीवर एसी, एसीवर कबुतर. इंदूने पहिल्या दिवशी खिडकी उघडली, सवयीने हात जोडले आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने हात तसेच खाली आणले. पण दुसऱ्या दिवशी परत जोडले. मी म्हणालो, "कबुतराला नमस्कार?"

"त्याच्या पलीकडे कुठंतरी आहेच की गड. भिंत मध्ये आली म्हणून काय झालं."

आमच्याकडे माणूस उंबऱ्याबाहेर पडला की चार जण विचारतात, कुठे चालले, कधी येणार, काय भाजी केली. इथे कुणी काही विचारत नाही. तिसऱ्या दिवशी मी जिन्यात एका गृहस्थांना आपणहून सांगितलं, "मेथी केली आज." ते घाबरून लिफ्टने गेले.

माणसं भेटली ती तळमजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात. सगळे पेशंटांचे नातेवाईक. बिहारचे एक मास्तर मुलासाठी आलेले, आसामची एक बाई नवऱ्यासाठी. माझं कांद्याचं पोतं तिथे देवासारखं पावलं. बिहारचे मास्तर कच्चा कांदा फोडून भातावर घेत आणि डोळे पुसत म्हणत, "आपका प्याज़ बहुत तेज़ है, तात्या." कांदा तेवढा तिखट नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या स्वयंपाकघरात रडायचं असलं की माणसं कांदा चिरायला घेत. मी रोज चिरायचो. पोतं संपलं तेव्हा मला प्रश्न पडला, आता काय निमित्त काढायचं?

पेशी परगावी जातात

डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी समजावलं ते असं. आपल्या रक्तात टी-पेशी म्हणून पहारेकरी असतात. पण कॅन्सरची पेशी घरच्याच माणसासारखी दिसते, म्हणून पहारेकरी तिला ओळखत नाही, जाऊ देतो. "मग आम्ही काय करतो, तुमच्या पेशी काढून प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे त्यांच्यात एक नवा जीन घालतात. त्याने त्यांना जणू नवा डोळा फुटतो, फक्त त्या कॅन्सरच्या खुणेवर रोखलेला. मग त्यांची संख्या वाढवतात आणि तुम्हाला परत देतात."

इंदू म्हणाली, "म्हणजे द्राक्षाचं कलम. खुंट आपल्या रानातला, डोळा वरून भरलेला."

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, "हो की. पण मावशी, सगळीच कलमं लागत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," इंदू म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं.

पेशी काढायला एक मशीन होतं. एका हातातून रक्त आत जातं, मशीन त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. कित्येक तास ती तशी पडून होती. शेवटी एक पिशवी भरली. फिकट गुलाबी, पातळ सरबतासारखी. माणूस येऊन ती पेटीत घालून घेऊन गेला. इंदू दारापर्यंत नजरेने त्या पेटीच्या मागे गेली.

त्या पेशी तयार व्हायला काही आठवडे लागणार होते. तोवर गाठ वाढू नये म्हणून इकडे औषधं चालूच, त्यामुळे घरी जायची सोय नाही. आमच्या लेकीला आम्ही नाशिकला होस्टेलला ठेवलं होतं, तेव्हा इंदू जेवताना घास हातात धरून बसायची. आता तसंच सुरू झालं.

"अहो, काय खाऊ घालत असतील हो त्यांना तिथं?"

"कुणाला?"

"माझ्या पेशींना."

"रोज पुरणपोळी," मी म्हणालो. "एकेकीला चार चार."

"अर्धी," ती म्हणाली. "नवीन जागी भूक लागत नाही."

पिशवी परत येते

वॉर्डात आत जाताना आमचा पहिला पराभव झाला. आधी तीन दिवस केमो देऊन तिच्या रक्तात नव्या पेशींसाठी जागा करायची होती, त्यामुळे तिची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली. कच्चं फळ बंद, फूल बंद, अंगारा तर बघूनच सिस्टरने अडवायला हात पुढे केला. या सिस्टरचं नाव कल्पना. ती इंदूचं बोलणं कान देऊन ऐकत होती. एकदम म्हणाली, "मावशी, तू सटाणानी शे का?"

इंदू उठूनच बसली. "हाव! तू बी तठलीच शे?"

मग त्यांची अहिराणी अशी सुरू झाली की मी त्या खोलीतला परप्रांतीय झालो. मी माझे बिबटे मांडून पाहिले. कल्पना सिस्टरने विचारलं, "खरंच सात?" गादीवरून उत्तर आलं, "एकच व्हता, बहीन. यास्नं काय ऐकस."

पिशवी आली ती एका धुरकटणाऱ्या डब्यातून. आत उणे दीडशेच्याही खालची थंडी. मी अंगातली बंडी घट्ट केली, तर डॉक्टर म्हणाल्या काका, तुम्हाला लागणार नाही ती थंडी. पिशवी कोमट पाण्यात वितळवली. केवढी असेल? मी सगळ्यांना दुधाच्या कॅनएवढी सांगतो. खरं तर ती तळहातात मावत होती. एवढ्याशा पाण्यासाठी आम्ही घर सोडलं होतं. चहा निवायच्या आत ती तिच्या अंगात गेलीसुद्धा.

आणि खोलीत लसणाचा वास पसरला.

मी तोंडावर मास्क असून चारी दिशांना हुंगलं. आयुष्य कांदा-लसणात गेलेल्या माणसाला हे कोण शिकवणार? "कुणी फोडणी घातली?" कल्पना सिस्टर हसली. पेशी गोठताना मरू नयेत म्हणून एक औषध घालतात, ते रक्तात गेलं की श्वासातून असा वास येतो. इंदू डोळे मिटून होती. म्हणाली, "घरी मागच्या दारी कुणीतरी चटणी कुटतंय." वास दुसऱ्या दिवशीही होता. त्या वासात ती शांत झोपली, घरी झोपल्यासारखी.

कुणी भाव पाडेना

त्या दिवसापासून रोज परीक्षा सुरू झाली. नव्या पेशी कॅन्सरवर तुटून पडल्या की अंगात वणवा पेटतो, आधी ताप, आणि कधी कधी त्याची झळ मेंदूला लागते. ती वेळीच ओळखायची म्हणून पेशंटला रोज तेच ते विचारतात. शहर कोणतं? साल कोणतं? हातात पेन, घड्याळ धरून, हे काय? शंभरपासून दहा-दहाने मागे मोजा. आणि एक वाक्य लिहा, रोज तेच. इंदूने वाक्य निवडलं, "आमच्या गच्चीवरून गड दिसतो." शहराचं नाव विचारलं की ती "मुंबई" म्हणायची, पण कारल्याचा घास तोंडात असल्यासारखं.

ताप आला. डॉक्टर म्हणाल्या, पेशी कामाला लागल्याची खूण दिसते, पण नजर ठेवायला हवी. औषध दिलं, उतरला, परत चढला. मी रोज मास्क लावून शेजारच्या खुर्चीत बसायचो आणि तिची करमणूक करायचो.

एका सकाळी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. दुपारी खोली साफ करायला नवीन मावशी आल्या. मी त्यांना बिबटे सांगायला घेतले. "सात बिबटे, मावशी, रांगेत!" आणि सवयीने थांबलो. गादीकडून येणाऱ्या शब्दासाठी माझं वाक्य नेहमीच जागा सोडतं.

इंदू छताकडे बघत म्हणाली, "हो. सात."

तुम्हाला सांगतो, खरा बिबट्या समोर होता तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. मी धावत कल्पना सिस्टरकडे गेलो. "सिस्टर, चला. ती हो म्हणाली."

"कशाला हो म्हणाली?"

"सात बिबट्यांना!"

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. ती हसली नाही. तिने ट्रे ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावतच आत गेली. परत परीक्षा घेतली. शहर? इंदू बराच वेळ शोधत राहिली. शंभर, नव्वद, मग परत नव्वद. पेन हातात दिलं. 'आमच्या' एवढं लिहिलं आणि पुढे नुसती रेघ घसरत कागदाबाहेर गेली. डॉक्टर लगेच आल्या, स्टेरॉइड सुरू झालं. जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "असं काही वाटलं की असंच सांगायचं. घरच्या माणसाला आधी कळतं."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला फुगवून सांगता येत नाही. ती जागी असायची, पण माझ्याकडे बघताना स्टँडवर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी बघायची. मी बोलत राहिलो. अकरा बिबटे सांगितले. चाळीस सांगितले. चाळीस बिबटे मोटारसायकलींवरून गडाच्या पायथ्याला नांदुरीत नारळ फोडायला गेले, इथपर्यंत मजल गेली. कुणी भाव पाडेना. लिलावात बोलीच उठत नाही तेव्हा पुकारणाऱ्याचा घसा कसा कोरडा पडतो, ते ज्याने पुकारलंय त्यालाच माहीत. खोटं बोलायलासुद्धा समोर एक खरं माणूस लागतं. ते नसलं की नुसतंच खोटं उरतं, आणि ते फार जड असतं.

तिथे बसून मला गड आठवायचा नाही, घर आठवायचं नाही. मला फक्त तो ट्रे घेऊन येणारा "एक" ऐकायचा होता.

एका सकाळी कल्पना सिस्टर तिचे उरलेसुरले केस विंचरत होती. मी खुर्चीत, आवाज बसलेला, नुसतं पुटपुटत होतो. "चाळीस होते सिस्टर. विहिरीवर. चाळीस."

"एकच व्हता," गादीवरून कुणीतरी म्हणालं.

आवाज बारीक होता, घशातून खरवडून काढल्यासारखा. सिस्टरचा कंगवा केसांतच थांबला.

"एकच व्हता," इंदू म्हणाली, "आनि चाळीस कधीपासून? सात व्हतात ना?"

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. कांदा नव्हता. निमित्ताशिवायच भागवलं.

परत

महिन्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. मी पुढे केलेला पेढा डॉक्टरांनी खाल्ला नाही. म्हणाल्या, आत्ता दिसत नाहीत, एवढंच आज सांगू शकते. पुढच्या स्कॅनला परत या, तोवर गर्दीत जायचं नाही, ताप आला तर एक तासही थांबायचं नाही. इंदूने विचारलं, "पेशी आहेत का अजून आत?" डॉक्टर म्हणाल्या, "काही राहतात, पहाऱ्याला." ती म्हणाली, "राहू दे. आता शिकल्यात तर घरीच राहू दे."

सोमनाथ गाडी घेऊन आला. घाट चढून इगतपुरी मागे पडली तशी काचेतून आमची हवा आत आली. इंदूने मास्क लावलेलं तोंड तिच्याकडे केलं. निघताना द्राक्षाचे दिवस होते, आता बागा छाटून उघड्या पडलेल्या, आणि शेताशेतांत उन्हाळ कांद्याचे ढीग लागलेले.

सोमनाथला करमेना. "तात्या, बिबट्याची गोष्ट तरी सांगा. रस्ता सरत नाही."

मी म्हणालो, "एकच होता रे." का कोण जाणे, त्या दिवसांनंतर तो आकडा माझ्या जिभेवर चढेचना.

मागच्या सीटवरून शांत आवाज आला. "सात होते."

"सोमनाथ, गाडी बाजूला घे!" मी ओरडलो. मनमाडला मालगाडी थांबली असणार. मागे वळलो. "इंदू, शंभरपासून मागे मोज."

तिने माझ्याकडे पाहिलं. "शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ, पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा."

"शहर कोणतं?"

"शहर कुठलं इथं? कांद्याचं वावर आहे."

"मग सात कसे?"

"इतके दिवस एकट्याने सांभाळले ना ते सातही," ती म्हणाली. "म्हटलं, घरी जाईपर्यंत चार मी धरते."

सोमनाथने गाडी परत रस्त्याला घेतली.

दिंडोरी मागे पडली. या वेळी गड समोरून येणार होता, तिला मान वळवायची गरज नव्हती. ती दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकून बसली. उन्हाळ्याचा धुरळा आणि झळा. समोर पांढुरकं आभाळ नुसतं उकळत होतं. डोंगराची रेघसुद्धा कुठे दिसेना. तिचे हात मांडीवर तयार होऊन बसलेले. ते हात मला बघवेनात.

"तो बघ," मी म्हणालो. "दिसला गड."

"अहो, खोटं नका बोलू," ती म्हणाली. "अजून यायचाय."

सोमनाथने माझ्याकडे पाहिलं. "तात्या, काय झालं?"

"धुरळा रे. सात पोती धुरळा गेला डोळ्यांत."

"चिमूटभर," इंदू म्हणाली, आणि समोर बघत राहिली.